तो टी-शर्ट परत द्या

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आठ महिन्यांपूर्वी फीट आली, एपिलेप्सीचं निदान झालं, लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ चालू आहेत. झोप येते म्हणून तो अधूनमधून गोळी टाळतो. कॉलेजच्या बँडमध्ये गातो. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत कानाला हेडफोन, त्यात 'जॉय डिव्हिजन' हा जुना ब्रिटिश बँड, आणि वर त्याच्या गायकाचं नाव घेऊन "इयानलाही हेच होतं" हे पालुपद. वडिलांनी गिटार माळ्यावर टाकली आणि मेंदूचा आलेख छापलेला काळा टी-शर्टही कपाटात बंद केला. "हा गायक तेविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला असं वाचलं. ही गाणी बंद करू का?" असं त्या विचारतात.

ताई, गाणी बंद करू नका. बंद करायचं तर जागरण बंद करा. मुलाला हा गायक, इयान कर्टिस, पोस्टरवर दिसतो तेवढाच माहीत आहे. उरलेला इयान त्याला तुम्ही सांगा.

इयान मँचेस्टरजवळच्या मॅकल्सफील्डमध्ये वाढला. दिवसा रोजगार कार्यालयात नोकरी, अपंगांना काम मिळवून द्यायची. तिथे येणाऱ्या एका तरुणीला फिट्स यायच्या. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' हे गाणं तिच्यावरून सुचलं. त्याला स्वतःला पहिली मोठी फीट आली ती त्यानंतर, २७ डिसेंबर १९७८ ला, लंडनचा कार्यक्रम आटोपून गाडीतून परतताना. तुमचा मुलगा ज्या गाण्यात स्वतःला पाहतो, ते दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं बघून हललेल्या माणसाने लिहिलं होतं.

जानेवारी १९७९ मध्ये निदान झालं. पुढचे सोळा महिने बघा. एप्रिलमध्ये मुलगी झाली, जूनमध्ये पहिला अल्बम आला, मग देशभर दौरा, त्यापायी नोकरी सुटली. जानेवारी १९८० मध्ये युरोप, मार्चमध्ये लंडनला दुसऱ्या अल्बमचं रात्र-रात्र ध्वनिमुद्रण. यात झोप कुठे बसणार? ४ एप्रिलला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये झपाट्याने लुकलुकणारे स्ट्रोब दिवे लावले गेले आणि इयान फीट येऊन ड्रम्सवर कोसळला. हातवारे करत नाचायची त्याची पद्धतच तशी होती, त्यामुळे बघणाऱ्यांना नाच कुठे संपला आणि फीट कुठे सुरू झाली हे कळायचं नाही. त्याच रात्री तो दुसऱ्या ठिकाणी गायला उभा राहिला. काही दिवसांत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, रुग्णालयात गेला, आणि लगेच ८ एप्रिलला 'बरी' नावाच्या गावातल्या कार्यक्रमाला त्याला नेलं गेलं. तो जेमतेम दोन गाणी गायला, पुढे तिथे बाटल्या उडाल्या. १८ मे १९८० ला तो गेला. दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेला निघणार होता.

यात एकच एक कारण शोधू नका. लग्न मोडत आलं होतं, नैराश्य होतं, फिट्स आटोक्यात नव्हत्या. त्या काळी फेफऱ्यावर बार्बिट्युरेट गटातली औषधं सर्रास देत, आणि त्यांनी मन खचू शकतं. सोबतच्या तिघांनी पुढे कबूल केलं की त्याच्या शब्दांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीत सर्वांत खटकतं ते हेच.

आता तुमच्या घराचं. लेव्हेटिरासिटामने काही जणांना चिडचिड होते, उदास वाटतं. ते मुलाच्या स्वभावावर ढकलू नका. कधीपासून, किती वेळा, हे तारखेसह वहीत लिहा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. मात्र स्वतःहून बंद करायचं नाही, कारण गोळी अचानक तुटली की फिट्स एकामागून एक येऊ शकतात. दोन गोळ्यांत बारा तासांचं अंतर, मोबाइलवर गजर, आठवड्याच्या खणांची डबी. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम नकोत. झोपायची वेळ ठरलेली, सात-आठ तास. परीक्षेच्या आदल्या रात्रीही.

गिटार माळ्यावरून काढा. स्टेज वर्ज्य नाही. दिव्यांच्या लुकलुकण्याने फीट येणारे शंभरात साधारण तीनच. तो त्यांतला आहे का, हे ईईजीच्या, म्हणजे मेंदूचा आलेख काढायच्या, वेळी दिवे चमकवून बघतात, म्हणून रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा. असेल तर दिवेवाल्याला आधीच सांगायचं, स्ट्रोब नको. तरी लागलाच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून बाजूला व्हायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही.

बँडमधल्या पोरांना एकदा घरी बोलावून, चहा-पोहे देऊन, हे शिकवा: फीट आली की घड्याळ बघा, आजूबाजूचं सामान हटवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल हुंगवणं तर नाहीच. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८.

आणि एक काम आजच करा. त्याला सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का? मरायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हणाला तर उपदेश नको, त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता.

राहिला टी-शर्ट. त्याच्या बाबांना सांगा, तो मेंदूचा आलेख नाही. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना केंब्रिजला पहिला पल्सार सापडला, दर १.३३७ सेकंदाला रेडिओ स्पंद पाठवणारा तारा. त्या पांढऱ्या रेघा त्याच्या स्पंदांच्या आहेत, एकाखाली एक रचलेल्या. खगोलशास्त्राच्या कोशातलं ते चित्र 'जॉय डिव्हिजन'नेच आपल्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी निवडलं होतं. इंजिनिअरिंगच्या पोराला हे बाबांच्या तोंडून ऐकायला आवडेल.