पाच किलोमीटर पळून झाल्यावर

नमस्कार,

तुमच्या पत्राचे चार फोटो मिळाले. अक्षर सुरेख आहे, पण ते तुमचं नाही. तुम्ही सांगत गेलात आणि मुलगा लिहीत गेला, हे तिसऱ्याच ओळीत कळतं. ‘याला काय कळतंय, मी सांगतो ते लिही,’ हे वाक्यसुद्धा त्यानं इमानदारीत उतरवून घेतलंय. वाचून हसू आलं, मग जरा वाईट वाटलं.

इतर वाचकांसाठी मजकूर थोडक्यात सांगते. सांगोला तालुका, चार एकर डाळिंब. मुलगा वीस वर्षांचा, भूगोल घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील तरुणपणी दोनदा सैन्यभरतीला गेले आणि दोन्ही वेळा छातीत बाद झाले. आता मुलानं एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलीस बलात जावं, असा त्यांचा हट्ट आहे. ‘अग्निवीर चार वर्षांनी घरी येतो, एसआरपी म्हणजे कायमची मिलिटरी.’ रोज पहाटे साडेचारला मुलगा पळतो आणि वडील मोटारसायकलवरून मागे. ‘नडगी दुखते म्हणून कारणं सांगतो.’ प्रश्न एवढाच, की लेखीसाठी अकॅडमी पुण्याची लावू की सोलापूरची?

अकॅडमीचं नंतर पाहू. आधी मला त्या मोटारसायकलबद्दल बोलायचंय.

अंधारात मागे हेडलाइट लावून वडील, पुढे मुलगा. तुमच्या मनात माया आहे, गाडीघोड्यापासून त्याला सांभाळावं हेही असेल. पण पळणाऱ्याला मागून फक्त उजेड दिसतो आणि इंजिनाचा आवाज येतो. चार पानांत ‘आमचं राहून गेलं’ हे शब्द पाच वेळा आलेत, मी मोजले. मुलाला काय वाटतं, हे एकदाही नाही. तुमची छाती दोन सेंटिमीटरनं कमी भरली, त्याची भरपाई त्याच्या पायांकडून करून घेताय. कडू वाटेल, पण तुम्ही मत विचारलंत म्हणून सांगतेय.

आणि हो, चौथ्या फोटोत तुमच्या सहीखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. तुम्ही ती वाचलेली नसणार. मी मुलाला फोन करून विचारलं, छापू का? थोडा वेळ गप्प होता, मग ‘छापा’ म्हणाला. ती ओळ अशी: ‘मॅडम, पळायला मला आवडतं. पण नंतरचं काम जमणार नाही. माणसांवर काठी उगारणं माझ्याच्यानं होणार नाही.’

लगेच ‘भित्रा’ म्हणू नका. त्या कामाचं मर्म तुमच्या चार पानांपेक्षा त्याच्या एका ओळीत जास्त आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘राखीव दल आहे, गरज लागली तरच बोलावतात. सोलापुरातच गट आहे, बाकीचे दिवस बाग बघेल.’ हा गैरसमज मी इतक्या घरांत ऐकलाय, की त्यावर नीट बोलायलाच हवं. (याचं भावंडही आहे. ‘आम्ही ओपनमधले, मग राखीव पोलिसात अर्ज चालेल का?’ असं एका आईनं विचारलं होतं. ‘राखीव’चा इथे आरक्षणाशी संबंध नाही, हे सांगून टाकते.) गरज लागली तरच बोलावणं आणि एरवी आपापला कामधंदा, ही रीत प्रादेशिक सेनेची. तो लष्कराचा भाग आहे आणि एसआरपीशी त्याचं काही नातं नाही. एसआरपी हे गृहखात्याचं, पोलीस महासंचालकांच्या हाताखालचं पूर्णवेळ पोलीस दल आहे. कंपनी, प्लाटून, बराक, समादेशक हे शब्द फौजेसारखे वाटतात, म्हणून फसायला होतं. इथे राखीव म्हणजे कुठल्या एका पोलीस ठाण्याला बांधून न घातलेलं. स्थानिक पोलिसांना बळ पुरेनासं झालं की यांची कंपनी तिकडे निघते. आणि महाराष्ट्रात कुठे ना कुठे ते पुरत नाहीच! निवडणुका, गणपती, मोर्चे, दंगल, गडचिरोलीतला नक्षलविरोधी बंदोबस्त. सोलापूरचा गट क्रमांक १० म्हणजे पगाराचं आणि बराकीचं ठिकाण; जवान स्वतः कुठल्या तरी शाळेच्या वर्गात वळकटी टाकून असतो. २०२०च्या एप्रिलमध्ये हिंगोलीच्या गटात करोना पसरला तो मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या जवानांमुळे. त्यावरून हिंगोलीचा माणूस कुठे कुठे जातो ते बघा. डाळिंबाचा बहार धरायला त्याला रजा मिळेल, या भरवशावर राहू नका.

दलाचा इतिहासही हेच सांगतो. ६ मार्च १९४८ रोजी पुरंदरला त्याची सुरुवात झाली. तेव्हा तुमच्या सोलापूर जिल्ह्याची हद्द निजामाच्या राज्याला लागून होती, रझाकारांच्या गोष्टी तुमच्या आजोबांनी सांगितल्या असतील. १९५१ साली मुंबई राज्यानं या दलासाठी वेगळा कायदा केला. गुजरात पुढे वेगळं झालं, पण तिथलं राखीव दलही त्याच कायद्याचं अपत्य. तेव्हापासून काम एकच, जिथे परिस्थिती हाताबाहेर जातेय तिथे उभं राहणं. समोर परकी फौज नसते, आपल्यासारखीच माणसं असतात.

म्हणून मुलाची ओळ मला महत्त्वाची वाटते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले. एसआरपीच्या तुकडीनं गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. चौकशी आयोग बसला, खटला चालला. सगळं दल तसं आहे असं मी म्हणत नाही. पुरात, दंगलीत याच जवानांनी लोकांना वाचवलंय, आणि रात्रभर दगड झेलून बोटही न हलवणारेही याच दलात आहेत. पण त्या जागी आपण असलो तर काय करू, हा प्रश्न ज्यानं भरतीआधी स्वतःला विचारला, त्याची किंमत करा. विचारून झाल्यावर तो ‘जमेल’ म्हणाला तर उत्तम जवान होईल. आज तो ‘जमणार नाही’ म्हणतोय.

भरतीचं एका दमात सांगते: बारावी पास, उंची १६८ सेंटिमीटर, ग्राउंडला पाच किलोमीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, मग शंभर मार्कांची लेखी, वयाची अट जिल्हा पोलिसांपेक्षा कडक, जाहिरात नीट वाचा. लेखीसाठी ना पुण्याची अकॅडमी लागते ना सोलापूरची. अंकगणित आणि मराठी व्याकरण घरी होतं. पैसे ठेवा.

आता त्याच्यासाठी एक गोष्ट सुचवते, हुकूम म्हणून नाही. पळणं आवडतं, भूगोल आवडतो. बारावीलाही भूगोल होता, हे फोनवर कळलं. वनरक्षक भरतीला बारावीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो, आणि मुलांना धावायचं असतं तेही पाच किलोमीटरच. वर्दी तिथेही खाकीच असते, तुमच्या समाधानासाठी सांगितलं. तिथेही संघर्ष आहे, लाकूडचोर आहेत, रात्रीची गस्त आहे, एकटेपण आहे. त्यानं आधी एखाद्या वनरक्षकाबरोबर दोन दिवस हिंडून यावं. त्यानंतर तो नाही म्हणाला तर तेही ऐका. काही झालं तरी बी.ए.चं तिसरं वर्ष सुटता कामा नये.

पुढचं पत्र त्याला एकट्याला लिहू द्या. तुम्हालाही लिहायचं असेल तर तुमच्या हातानं लिहा, अक्षर कसंही असो.

नडगीचं मात्र लांबणीवर टाकू नका. दिवसेंदिवस डांबरी रस्त्यावर पळून दुखत असेल तर ती कारणं नाहीत, हाडाला बारीक चीरही गेलेली असू शकते. पळणं आजच बंद करा आणि या आठवड्यात हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. मोटारसायकलवरून न्या, या वेळी त्याला मागे बसवून.