'पानी' म्हणणाऱ्या मुलीने वाचा-उपचार शिकावा का?

प्रश्न : मी धाराशिव जिल्ह्यातील असून यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. 'नीट'च्या गुणांवर एमबीबीएसला प्रवेश मिळणार नाही. मात्र बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा उपचाराच्या पदवीला मिळू शकेल. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजोबांची वाचा गेली, तेव्हापासून मला या विषयाची ओढ आहे. परंतु मी 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि शहरातल्या मैत्रिणी हसतात. जिचे स्वतःचे उच्चार शुद्ध नाहीत, तिने दुसऱ्यांचे उच्चार सुधारण्याचे शिक्षण घ्यावे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण या शाखेचा गाभा त्यातच आहे. 'पानी' हा वाचादोष नव्हे. तुमच्या घरात, गावात आणि आसपासच्या मोठ्या प्रदेशात 'ण'च्या जागी 'न' येतो, तो सगळ्यांच्या बोलण्यात एकाच नियमाने येतो आणि त्यामुळे कोणाचे कोणाला समजायचे राहत नाही. ते त्या बोलीचे लक्षण आहे. याउलट घरातील सगळी माणसे 'काप' म्हणत असताना पाच वर्षांचा मुलगा 'ताप' म्हणत असेल, तर तेथे आपले काम सुरू होते. अगदी लहान वयात 'क'चा 'त' होणे स्वाभाविक असते, पाचव्या वर्षी मात्र त्याकडे लक्ष द्यावे लागते. अशा मुलासमोर आम्ही दोन चित्रे ठेवतो, एक सफरचंदाच्या कापांचे आणि दुसरे तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलाचे. त्याला काप हवे असतात, तो 'ताप' म्हणतो आणि आम्ही त्याच्या हाती तापाचे चित्र देतो. तो गोंधळतो, चित्राकडे पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो. एका ध्वनीने अर्थ बदलतो, हे त्याला असे स्वतःच्या कानांनी कळू लागते, आणि मग जिभेचा मागचा भाग कसा उचलायचा ते शिकवणे पुष्कळ सोपे जाते. बोलीतील वेगळेपण आणि दोष यांतील सीमारेषा ज्याला ओळखता येत नाही, तो निकोप मुलाला रुग्ण ठरवील, असा धोका असतो. तुमच्या कानांना ही रेषा अनुभवाने ठाऊक आहे, याचे मोल कमी समजू नका.

प्रशिक्षणात तुम्ही स्वनविज्ञान, म्हणजे उच्चारांतील ध्वनींचे शास्त्र, शिकाल, तेव्हा प्रमाण मराठीचा 'ण'ही तुम्हाला सहज काढता येईल. पण 'पानी' विसरण्याची काहीही आवश्यकता नाही. उद्या धाराशिवची एखादी आजी उपचारासाठी आली, तर तिच्याशी तिच्याच बोलीत बोलणारी उपचारतज्ज्ञ तिला हवी असेल.

आजोबांविषयी तुम्ही 'वाचा गेली' एवढेच लिहिले आहे. त्यांना बोललेले समजत होते का, ही पहिली चौकशी आम्ही केली असती. फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला बरेचसे समजत असे, पण एका शब्दांशापलीकडे फारसे बोलता येत नसे. जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्ये वर्णिलेल्या प्रकारात बोलणे ओघवते राहते, परंतु समज ढासळते. वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या, काही रुग्णांना नातवाचे नाव सांगता येत नाही, पण एक ते दहा आकडे किंवा वर्षानुवर्षे म्हटलेला हरिपाठ मात्र म्हणता येतो. पाठ झालेले बोलणे आणि नव्याने जुळवलेले वाक्य यांची मेंदूतील वाट अगदी एकच नसते, हे आजोबांच्या उशाशी बसलेल्या मुलीला पुस्तकाआधीच उमगलेले असू शकते.

अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असते. वाचेच्या ओढीने येणाऱ्या अनेकांना हे उशिरा कळते की यातला मोठा वाटा श्रवणाचा आहे. ध्वनीचे भौतिकशास्त्र, कानाची रचना आणि श्रवणयंत्रांचे तंत्र नीट शिकावे लागते. ध्वनिरोधक खोलीत बसलेल्या माणसाने आवाज ऐकू येताच बोट वर करायचे, की आपण 10 डेसिबलने आवाज कमी करायचा, आणि ऐकू आला नाही, की 5 डेसिबलने वाढवायचा, असे करत 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच्या स्वरांसाठी एकेका कानाचा उंबरठा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा आवाज, शोधायचा असतो. हे काम संथ आहे आणि चिकाटी मागते. एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने आलेले विद्यार्थी येथेच कंटाळतात, असे मला दिसत आले आहे. तुमचे कारण वेगळे आहे, म्हणून मी हा सल्ला निःशंकपणे देते.

महाराष्ट्रात या पदवीच्या बहुतेक जागा राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षामार्फत 'नीट'च्या गुणांवर भरल्या जातात. म्हैसूरची 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था यांची प्रवेशप्रक्रिया वेगळी आहे, म्हणून यंदाच्या माहितीपुस्तिका स्वतः वाचा. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता नसलेल्या महाविद्यालयात पाऊल ठेवू नका, कारण 1992 च्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या नोंदणीविना तुम्हाला व्यवसाय करता येणार नाही.

पसंतिक्रम भरण्याआधी एखाद्या रुग्णालयाच्या वाचा-श्रवण विभागात परवानगी घेऊन एक सकाळ बसून या, आणि आजोबा ज्या काळात बोलू शकत नव्हते, तेव्हा तुम्ही दोघे एकमेकांशी खुणांनी कसे बोलत होता, ते आठवेल तसे वहीत लिहून ठेवा. तिसऱ्या वर्षी वाचाघात शिकताना ती वही तुमच्या उपयोगी पडेल.