आजींच्या मागे राहिलेली मनी: आधी खाणं मोजा, हात नंतर लावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजारच्या आजी गेल्या, त्यांची अकरा वर्षांची मनी तुम्ही घरी आणलीत. आज चौथा दिवस. दिवसभर वॉशिंग मशीनच्या मागे बसते, रात्री जेमतेम चार घास खाते. तिला बाहेर काढू का, आणि सोबतीला पिल्लू आणू का, असं विचारलंय. दोन्ही नको. पण एक गोष्ट आजच करा: पशुवैद्यांना फोन.

"भूक लागली की खाईल" हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृतच बिघडतं. अंगाने भरलेल्या मांजराला हा धोका जास्त. म्हणून अंदाजावर राहू नका. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवताना आणि उचलताना वजन लिहून ठेवा. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, म्हणजे पन्नासेक ग्रॅम ड्राय फूड. चोवीस तास काहीच पोटात गेलं नाही, किंवा दोन दिवस निम्म्याहून कमी गेलं, तर थांबायचं नाही. भूक वाढवणारी औषधं असतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

आजींच्या घरच्यांना विचारा: कुठलं खाणं, कुठली वाटी, किती वाजता. सध्या अगदी तेच द्या. ब्रँड बदलायचा असेल तर ती नीट खायला लागल्यावर, सात ते दहा दिवसांत थोडं थोडं मिसळून. म्हाताऱ्या मांजराचं नाक मंदावलेलं असतं, त्यामुळे ओल्या खाण्याचं पाऊच फ्रीजमधून काढून तसंच देऊ नका. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, वास सुटला पाहिजे. नुसतं उकडलेलं चिकन चालेल. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. दूध नको, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

आता लपण्याची जागा. ओढून काढलंत तर तुमचा हात म्हणजे संकट, हे तिच्या डोक्यात पक्कं बसेल आणि मग महिनाभर ते निघणार नाही. मशीनजवळच एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, दोन बाजूंनी भोकं पाडून, म्हणजे कोंडल्यासारखं वाटणार नाही. आत आजींची गोधडी किंवा जुनं पातळ घाला, न धुता. त्या वासातच तिचं घर आहे. ती खोक्यात बसायला लागली की मशीनमागची फट बंद करा. तिथे वायरी असतात. लिटर ट्रे खाण्यापासून लांब ठेवा आणि त्याची एक कड चार बोटांपेक्षा उंच नको, गुडघे दुखत असतील तर ती ट्रेबाहेरच करेल. त्या खोलीची फरशी फिनाईलने पुसू नका. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. साबणाचं पाणी पुरे.

विश्वास बसतो तो रोजच्या ठरलेल्या वेळांनी. सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी, पंधरा मिनिटं, दोन मीटरवर जमिनीवर बसा. तिच्याकडे तोंड करून नाही, बाजूला वळून. पेपर हळू आवाजात वाचा. नजरानजर झाली तर डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडा. 2020 साली इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं: अशा मिचकावण्याला मांजरं तसंच उत्तर देतात आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम यांच्या वेळा या पंधरा मिनिटांपासून लांब ठेवा.

ती जवळ यायला लागली की एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि तिथेच थांबवा. ती हुंगेल. मग गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत डोकं पुढे आलं तर आणखी तीन सेकंद. नुसतं हुंगून मान मागे घेतली तर आजचं झालं. शेपटीचं टोक फटफटणं, कान आडवे होणं, पाठीची कातडी थरथरणं यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. पोट आणि शेपटीकडचा भाग सध्या सोडाच. लोक चुकतात ते इथेच: पहिल्यांदा घुरघुरली की आनंदाने उचलून घेतात आणि दोन आठवड्यांची कमाई जाते.

सगळं दुःखाच्या खात्यात टाकू नका. दहाच्या पुढच्या मांजरात किडनी, थायरॉईड, दात, सांधे ही दुखणी सर्रास असतात आणि ती बऱ्याचदा लपून बसण्यातून दिसतात. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉईडसाठी टी-फोर या रक्ताच्या तपासण्या, शिवाय लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. ती रात्री ओरडत असेल तर ते आजींना शोधणं असेल, पण वाढलेल्या रक्तदाबानेही मांजर असंच ओरडतं. कितीही कळवळा आला तरी घरातली क्रोसिन देऊ नका, पॅरासिटॅमॉलने मांजर मरतं.

पिल्लू आणलंत तर ते दिवसभर तिच्या अंगावर उड्या मारेल. जिला आता शांतता हवी तिच्यावर हा अन्याय आहे. निदान तीन महिने तरी तो विषय काढू नका. तोवर बाल्कनीला जाळी लावून घ्या, आणि कॅरियर दार उघडं ठेवून खोलीतच राहू द्या, अधूनमधून आत चिकनचा तुकडा टाकून. डॉक्टरकडे न्यायचा दिवस येईल तेव्हा तो डबा तिला ओळखीचा असेल.