सिस्टर, तुमचं रजिस्ट्रेशन दाखवता?

"मॅडम, बाबांजवळ रात्रीची बाई ठेवलीय, तरी जागी मीच."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई. वडिलांना अर्धांगवायू, लघवीला नळी, रोजचं इन्सुलिन. घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोने पांढऱ्या कोटातली 'सिस्टर' पाठवली होती. एका रात्री या उठून बघतात तर लघवीची पिशवी पलंगाच्या कठड्याला, बाबांच्या छातीच्या उंचीवर टांगलेली! ती कमरेच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाऊन इन्फेक्शन होतं, हे डिस्चार्जच्या वेळी यांना बजावलं होतं. सिस्टरला पत्ताच नव्हता.

"तिचं शिक्षण विचारलंत?"

"कसं विचारणार? बिचारी रात्रभर बसते. वाईट वाटेल तिला."

'चांगली नर्स मिळत नाही' म्हणत येणारे बरेचजण इथेच अडलेले असतात. त्यात वडिलांना परक्याच्या हाती सोपवल्याची बोच, म्हणून पहारा. अशा वेळी नुसतं ऐकून घेणं मला तरी कामचुकारपणा वाटतो. मी सरळ सांगितलं: अंघोळ, डायपर, भरवणं एवढंच असेल तर हाताला सवय असलेली मावशी पुरे. नळी, इंजेक्शन, बेडसोरचं (पडून राहून झालेल्या जखमेचं) ड्रेसिंग आलं की दोन वर्षांचा एएनएम किंवा तीन वर्षांचा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली हवी, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तिची नोंदणी हवी. प्रमाणपत्र मागा, त्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळवा, नूतनीकरण झालंय का बघा. आणि ब्युरोला फोन करण्याआधी बाबा ज्या वॉर्डात होते तिथल्या इनचार्ज सिस्टरला विचारा. आसपास राहणाऱ्या मुली त्यांना माहीत असतात.

मग तिथेच तालीम केली. मी सिस्टर झाले. पहिल्या खेपेला बाई "रजिस्ट्रेशन..." म्हणाल्या आणि लगेच "सॉरी हं!" चौथ्या खेपेला वाक्य सलग आलं.

तीन आठवड्यांनी आल्या त्या हसतच. इनचार्जबाईंनी दोन गल्ल्या पलीकडची एक जीएनएम झालेली मुलगी सुचवली होती. विचारायचा अवकाश, तिने पर्समधून लॅमिनेट केलेली प्रत काढून टेबलावर ठेवली. वर म्हणाली, "काकू, आता तुम्ही इन्सुलिनची चिठ्ठी दाखवा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तेवढंच देते मी, तोंडी सांगितलेलं नाही."

"आणि मॅडम, माझ्याकडे चिठ्ठीच नव्हती. धावत दवाखान्यात गेले!"