गायनॅकला पीबीएल सुरू झालंय, सर काही शिकवतच नाहीत, क्लास लावू का?

प्रश्न: मी मेडिकलला आहे, आता गायनॅकची टर्म चालू आहे. लेक्चर कमी करून पीबीएल (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग, म्हणजे केसवरून आपणच शिकायचं) आणलंय, आठ जणांचा ग्रुप, एक केस देतात आणि सर नुसते बसून ऐकतात. आम्ही टॉपिक वाटून घेतो, प्रत्येक जण आपापला पीपीटी करतो. मला फक्त माझाच टॉपिक येतो, बाकी सगळं डोक्यावरून जातं. पुढे गायनॅकच करायचंय, बाहेर क्लास लावू का?

उत्तर: अगं, तुझ्या पत्रातच उत्तर आहे, "टॉपिक वाटून घेतो" तिथेच सगळं बिघडलंय. पीबीएल काही नवीन फॅड नाही, कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीने १९६९ मध्ये मेडिकलला सुरू केलं, नंतर नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्टने त्याच्या सात पायऱ्या बसवल्या, आणि त्यात घरी जाऊन वाचायची जी पायरी आहे ती प्रत्येकाने करायची असते, सगळे प्रश्न सगळ्यांनी. तुम्ही काय करताय, तर आठ छोटी लेक्चर्स, तीही ज्यांना स्वतःलाच नीट येत नाही त्यांच्याकडून ऐकताय (सॉरी, पण खरंय).

आता एक केस घे. पहिलटकरीण, ३४ आठवडे, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपीचा आजार, ज्यात फिट येऊ शकते). ज्याच्याकडे ट्रीटमेंट आली तो स्लाइडवर मॅग्नेशियम सल्फेट लिहितो आणि सगळे माना डोलावतात. पण कुणी विचारलं का की हे बीपी उतरवायला देतात की फिट येऊ नये म्हणून? फिटसाठी, बीपीचं औषध वेगळं द्यावं लागतं. मग देताना गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वासाचा रेट आणि लघवी किती होतेय हे का बघत राहायचं? कारण औषध किडनीवाटे बाहेर पडतं, लघवी कमी झाली की अंगात साठतं, आधी रिफ्लेक्स जातो आणि मग श्वासावर येतं, म्हणून त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, हाताशी ठेवतात. बघ, एका औषधावरून फिजिऑलॉजी, फार्मा आणि वॉर्डातलं काम तिन्ही आलं, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेत) हेच विचारतात आणि हे वाटून घेतलेल्या पीपीटीतून कधीच येत नाही.

तेव्हा पुढच्या केसला ग्रुपला सांग, पीपीटी बंद. सगळे सगळं वाचून या, दुसऱ्या मीटिंगला चिठ्ठी काढा आणि ज्याचं नाव येईल त्याने पुस्तक मिटून बोलायचं, बाकीच्यांनी फक्त "का?" विचारायचं. पहिल्यांदा फजिती होईल, होऊ दे. आणि सर शिकवत नाहीत कारण पीबीएलमध्ये त्यांनी लेक्चर द्यायचं नसतं, पण मीटिंग संपायच्या आधी एवढं नक्की विचारा की आमच्या प्रश्नांच्या यादीतून काही सुटलंय का, त्याचं उत्तर ते देतील.

मार्कांचं म्हणशील तर थिअरीच्या पेपरात पीबीएलने फार फरक पडतो असं अभ्यासांमधून ठाम दिसत नाही, त्यामुळे एकच टेक्स्टबुक धरून नीट वाचायला लागणारच, त्यातून सुटका नाही. शिवाय पोट तपासणं, पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता) भरणं हे टेबलाभोवती बसून येत नाही, गायनॅक करायचंय ना, मग रात्रीची लेबर रूम ड्युटी चुकवू नकोस.

क्लास आत्ता नको, त्यात परत लेक्चरच मिळेल. आधी दोन-तीन केस अशा करून बघ, ग्रुप ऐकतच नसेल तर निदान एक जोडीदार पकडून दोघी करा, आणि तरी अडलं तर कुठे अडलं ते केससकट लिहून पाठव.