अमळनेरात दुरुस्त केलेला जुना वाडा विकाऊ आहे, घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की बोरी नदीकाठच्या जुन्या वस्तीत सागवानी वाडा आहे, मालकांनी चार वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतलाय, गल्ली शांत आहे आणि घरातल्या सगळ्यांना तो बघताक्षणी आवडलाय. शेवटचं वाचून धडकीच भरली. मीही असाच भुललो होतो.

माझं घर पारोळ्यात, किल्ल्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर. 2014 साली घेतलं तेव्हा अगदी नवरीसारखं सजवलेलं होतं. खांबांना चकचकीत पॉलिश, भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर पांढराशुभ्र रंग. दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगला. बोटाने ठोकलं की भोपळ्यासारखा आवाज यायचा. मातीची भिंत ओल पिते आणि तशीच ती सोडूनही देते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की पाणी आतच कोंडतं, पांढरा खार फुटतो आणि ओली माती तुळयांच्या टोकांना धरून बसते. शेवटी सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला. चुन्यात हात बसलेला गवंडी शोधण्यातच सहा महिने गेले.

म्हणून वाडा बघायला जाल तेव्हा चौकातले नक्षीदार खांब आधी बघू नका. खिशात दाभण घेऊन जा. तुळई भिंतीत जिथे शिरते, नेमकं तिथे टोचा, कारण लाकूड सडतं ते टोकाकडून. निरोगी सागात दाभण जेमतेम टोकभर रुततं. माझ्या माजघरातल्या एका तुळईत ते मुठीपर्यंत गेलं, आणि बाहेर काढलं तर त्यावर ओला भुसा. वरचं पॉलिश मात्र आरशासारखं! उधई, म्हणजे वाळवी, बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवते आणि आतलं खाते, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. मलाच आठवलं नाही.

मग वर चढा. धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मूळचंच आहे की त्यावर स्लॅब ओतलाय? धाबं असेल तर दरवर्षी मृगाआधी त्यावर खारी, म्हणजे खारी माती, टाकावी लागते, ते काम कोण करायचं ते विचारा. आमच्या शेजारच्या आजी घर बघायला येणाऱ्या कुणालाही आधी एवढंच विचारतात, "धाबं गयस का?" गळत असेल तर बाकीचं बोलणंच नाही. स्लॅब असेल तर जास्त सावध व्हा. मातीच्या भिंतींवर तेवढा भार पेलेल असा हिशोब कुणी इंजिनिअरने केलाय का, कागद मागा. शिवाय मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा तापलेला स्लॅब रात्रभर आग ओकतो, आणि जुन्या घराचा सगळा फायदाच जातो. माझ्या माजघरात दुपारी दीड वाजता पंख्याशिवाय झोप लागते. हे घर मी विकत नाही, त्याचं खरं कारण एवढंच.

कागदांचं थोडक्यात सांगतो. मालमत्ता पत्रकावर किती नावं आहेत ते बघा. वडिलोपार्जित वाडा असेल आणि आधीच रीतसर वाटणी झाली नसेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे. सुरतेला दिलेल्या बहिणीची सही "नंतर घेऊ" म्हणाले तर व्यवहारही नंतरच करा. नोंदींचा 30 वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. शेजाऱ्याशी भिंत सामाईक आहे का आणि त्याच्या धाब्याचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं, हे मात्र कागदावर सापडत नाही. ते शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा पिताना कळतं. मुद्रांक शुल्काचं म्हणाल, तर महिलेच्या एकटीच्या नावावर राहतं घर घेतल्यास 1 टक्का सवलत आहे, ती वहिनींच्या नावावर घेता येईल.

शांत गल्लीचं म्हणताय, तर वैशाखात अमळनेरच्या संत सखाराम महाराजांच्या यात्रेत एकदा जाऊन या. नदीच्या पात्रात बाजार भरतो तेव्हा ती गल्ली किती शांत असते बघा. मला स्वतःला ती गर्दी आवडते, पण तुमच्याकडे आजारी माणूस असेल तर विचार करा.

आणि बयाना देण्याआधी एक मोठा पाऊस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, न सांगता जा.