टायमिंग चेन बदलली, तरी इंजिन बसलं. आता वर्कशॉप हात झटकतंय

प्रश्न : माझी 2014 ची डिझेल हॅचबॅक सव्वा लाख किलोमीटर चालली आहे. सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की चार-पाच सेकंद खडखडाट यायचा. पुण्यातल्या एका अधिकृत वर्कशॉपने टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारी इंजिनातली साखळी) झिजल्याचं सांगून मार्चमध्ये काम केलं, 38,000 रुपये घेतले. मे महिन्यात खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. टो करून तिथेच नेली. आता म्हणतात, चेनने दात सोडले (दातेरी चाकांवरून ती सरकली), व्हॉल्व्ह वाकले, गाडी जुनी आहे आणि तुम्ही ऑइल वेळेवर बदललं नाही. आणखी 95,000 लागतील. नाहीतर रोजचे 300 रुपये पार्किंग भरून गाडी घेऊन जा. मी साताऱ्यात राहतो. दाद मागता येईल का? मागचे दोन ऑइल बदल मात्र गल्लीतल्या गॅरेजात, बिलाशिवाय झाले आहेत. बिल आणि आवाजाचा व्हिडिओ सोबत पाठवला आहे.

उत्तर : मागता येईल. पण त्याआधी आजच एक ईमेल करा : माझ्या लेखी संमतीशिवाय इंजिन उघडू नये, आणि उघडलं असेल तर काढलेला एकही पार्ट फेकू नये. व्हॉल्व्ह वाकल्याचं त्यांना कशावरून कळलं, हेही त्यातच विचारा. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी) केली असेल तर तिचा रिपोर्ट मागा. हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उघडलं असेल तर कोणाच्या परवानगीने, ते सांगायला लावा.

एवढी घाई अशासाठी, की सेवेतली त्रुटी सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते. सर्वोच्च न्यायालयाने रवनीत सिंग बग्गा विरुद्ध के.एल.एम. रॉयल डच एअरलाइन्स या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. ‘काम केलं आणि दोन महिन्यांत इंजिन गेलं’ यावरून संशय येतो, पुरावा होत नाही. तुमचा पुरावा त्या बंद इंजिनात आहे, आणि इंजिन समोरच्याच्या ताब्यात आहे. ते उघडताना तुमच्या बाजूचा जाणकार हजर हवा : वाहनांचे परवानाधारक सर्व्हेअर किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑटोमोबाइल विभागातले प्राध्यापक. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) खरोखर नवा आहे का, त्यावरचा पार्ट नंबर बिलातल्या नंबरशी जुळतो का, गाइड (चेनला जागेवर ठेवणारी पट्टी) कुठे तुटलं आहे का, टायमिंगच्या खुणा कुठे आहेत, या सगळ्याचे फोटो आणि सहीचा अहवाल घ्या. पाच-सहा हजार खर्च झाले तरी हात आखडू नका.

आता तुमचं बिल. त्यात चेन आहे, टेन्शनर आहे, लेबर आहे. गाइड नाहीत, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) नाहीत, आणि इंजिन ऑइल किंवा फिल्टरही नाही. ओळखीच्या मिस्त्रीला दाखवलं तर तो हसलाच. चेनचं पुढचं कव्हर काढायला बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइलचा संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठण्याचं भांडं, उतरवावा लागतो, म्हणजे ऑइल काढावंच लागतं. मग जुनंच परत ओतलं की काय? टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही. तुमच्या गाडीला संप उतरवावा लागतो का, हे तज्ज्ञाकडून अहवालात लिहून घ्या. बिलात लावलेला पार्ट प्रत्यक्षात बदललेलाच नसेल, तर त्रुटीच्या पुढे जाऊन अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा उभा राहतो.

‘गाडी जुनी’ या बचावाने घाबरू नका. अकरा-बारा वर्षांची गाडी आहे हे मार्चमध्ये पैसे घेतानाही त्यांना दिसत होतं. ऑइलचा मुद्दा मात्र खरा बोचणारा आहे. मागचे दोन ऑइल बदल गल्लीतल्या गॅरेजात, बिलाशिवाय झाल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. ते लपवू नका, उलटतपासणीत निघेलच. त्यावर उत्तर असं : कव्हर उघडल्यावर आत गाळ असेल तर तो कुशल कारागिराला दिसतो. तेव्हा जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर) एक ओळही लिहिली नाही आणि आता तेच कारण पुढे करता, हे कसं? जॉब कार्डची प्रत तुमच्याकडे नसेल तर त्याच ईमेलमध्ये मागा.

पार्किंगचं पाहू. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, दुरुस्तीत श्रम आणि कौशल्य लावणाऱ्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू अडवता येते. मार्चचे पैसे तुम्ही दिलेत. नवं काम तुम्ही सांगितलेलं नाही. नुसत्या जागाभाड्यापोटी गाडी अडवायचा हक्क या कलमातून निघत नाही. तरी भांडणात महिने घालवण्यापेक्षा, तपासणी उरकल्यावर ‘हरकत राखून’ असं लिहून रक्कम भरा, पावती घ्या, गाडी हलवा. ती रक्कम तक्रारीत मागता येते.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 तक्रारदार राहतो तिथे दाद मागू देतं, त्यामुळे बिलावर छापलेल्या ‘पुणे न्यायक्षेत्र’ या ओळीने अडू नका. तक्रारीच्या रकमेची मोजदाद तुम्ही दिलेल्या मोबदल्यावरून होते, म्हणजे 38,000 ची. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी घरच्या वापराची असल्याने सेवा ‘व्यावसायिक हेतू’साठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा फाटा फुटत नाही. व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या आणि त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडा.

मागणी माफक ठेवा : 38,000 परत, तज्ज्ञाच्या अंदाजाप्रमाणे दुरुस्तीचा खर्च, टोइंग, तपासणी, तक्रारखर्च. नवं इंजिन मागू नका, आणि मानसिक त्रासाचे पाच लाख तर नकोच. गाडीच्या बाजारभावाहून मोठा आकडा पाहिला की आयोगाची सहानुभूती आटते, हे मी अनेकदा पाहिलंय.

नोटीस गेल्यावर वर्कशॉप बहुधा म्हणेल, पार्टचे पैसे तुम्ही द्या, लेबर आमचं. तज्ज्ञाचा अहवाल तुमच्या बाजूने असेल तर याला होकार देऊ नका. अहवाल संदिग्ध आला तर मात्र मी तुमच्या जागी असतो तर ते मान्य केलं असतं. पण गाइड आणि स्प्रॉकेटसह पूर्ण संच, नवं ऑइल, आणि या कामाची किमान एक वर्षाची लेखी हमी घेऊन. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा कागदावर सही मागतील. ती सही, गाडी ताब्यात घेऊन सकाळचा थंड स्टार्ट चार-आठ दिवस ऐकल्यावरच करा.